मध्यरात्रीचं ऊन

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात राहून आकाशाचं काही काम होत नाही. मृग बरसून गेलेला असतो, आर्द्रा उंबरठ्यावर असतात आणि वर जे काही असेल ते ढगांच्या पलीकडे असतं. तेव्हा इथून निघा. छत्री राहू द्या, स्वेटर घ्या. जायचं आहे स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात, साल १९६७.

पोचता तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेत आणि तुमचा त्यावर विश्वास बसत नाही. रस्त्यावरचे दिवे लागलेत खरे, पण दगडी घरांच्या धुरांड्यांचे कोपरे त्यांच्याशिवायही स्पष्ट दिसतायत. सूर्य दहाच्या सुमाराला मावळला. आता उत्तर क्षितिजाशी पिवळट उजेडाचा एक पट्टा उरलाय आणि तो विझायचं नाव घेत नाही. रात्रभर तो वायव्येकडून उत्तरेला आणि उत्तरेकडून ईशान्येला सरकत राहील आणि साडेचारच्या आत त्यातूनच सूर्य वर येईल. वर मोजके तारे आहेत. डोक्याजवळ अभिजित, नैर्ऋत्येला उतरलेली स्वाती, पूर्वेला हंस, आणि सप्तर्षी तर पुण्याहून कधी दिसतात त्यापेक्षा कितीतरी उंच. आकाशगंगा शोधू नका, ती ऑगस्टपर्यंत सापडायची नाही.

घरामागच्या चिंचोळ्या अंगणात एक बाई उभ्या आहेत. शाळेत गणित शिकवतात. अंगात जाड कोट, गळ्यात बायनॉक्युलर, उजव्या हातात स्टॉपवॉच. बागेतल्या खुर्चीवर तारानकाशा उघडा आहे आणि त्यावर लाल कागद बांधलेली विजेरी.

"तारे बघायला आला असाल तर डिसेंबरात या," बाई म्हणतात. "दुर्बीणवाले सगळे या दिवसांत कुरकुरत असतात. आमचा हंगाम मात्र हाच."

त्यांचं म्हणणं समजायला सिंहगड आठवा. संध्याकाळी पायथ्याच्या गावात दिवे लागतात तेव्हाही गडाच्या माथ्यावर थोडं ऊन रेंगाळत असतं. गड आणखी उंच असता तर ऊन आणखी रेंगाळलं असतं. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. तो दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उन्हामुळे, आणि ते ऊन तिथवर पोचतंय की पृथ्वीची सावली आड येतेय हे सूर्य तुमच्या क्षितिजाखाली किती खोल गेलाय यावर ठरतं. पुण्यात जूनच्या मध्यरात्री सूर्य सुमारे ४८ अंश खाली असतो. त्या वेळी डोक्यावर ३,००० किलोमीटरपर्यंत सगळी सावलीच. जवळून फिरणारे उपग्रह त्या काळोखातून जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, म्हणून आपल्याकडे ते बघायचे तर दिवेलागणीनंतरचा तास-दीड तास, नाहीतर पहाट. एडिंबराला याच मध्यरात्री सूर्य जेमतेम साडेदहा अंश खाली जातो. इथे डोक्यावर सावलीची उंची किती? फक्त ११० किलोमीटर. त्याच्या वर जे काही फिरतंय त्याला रात्रभर ऊन.

आता वर बघा. बाईंनी बोटही दाखवलं नाही, तरी तुम्हाला ते दिसलंच. उत्तरेच्या उजेडातून एक ठिपका वर चढतोय. न लुकलुकता, आवाज न करता. अभिजितच्या तोडीला येईल इतका तेजस्वी होत तो डोक्यावरून दक्षिणेकडे निघतो. हा 'इको-२'. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेने सोडलेला ४१ मीटर व्यासाचा फुगा, ध्रुवांवरून फिरणारा. थोरला भाऊ 'इको-१' ऑगस्ट १९६० चा, ३० मीटरचा, वजन साधारण एका माणसाएवढं. वरून अॅल्युमिनियम चढवलेला पातळ प्लॅस्टिकचा गोळा, रेडिओच्या लहरी त्याच्यावर आपटवून दुसरीकडे पकडायच्या एवढंच त्याचं काम. त्या लहरी पकडायला न्यू जर्सीत होल्मडेलला एक मोठा कर्णा उभारला होता. पुढे पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना विश्वाच्या जन्मकाळचा जो क्षीण रेडिओ अवशेष सापडला तो याच कर्ण्यात, दोन वर्षांपूर्वीच जाहीर झालं ते. इको मात्र जगभरच्या सामान्य माणसांना माहीत झाला तो साध्या डोळ्यांनी दिसला म्हणून. घरात त्या काळची कुणी वडीलधारी मंडळी असतील तर विचारून बघा. गच्चीवर झोपणाऱ्या पिढीने आकाशातून चालत जाणारा तारा पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

"वाईट वाटतं मला त्याचं," बाई इको-२ कडे बघत म्हणतात. "ऊन ढकलतं त्याला."

उन्हाला दाब असतो हे पुस्तकात वाचायचं. एवढ्या मोठ्या आणि इतक्या हलक्या फुग्यावर तो दाब कक्षा हलवण्याइतका भरतो, हे मात्र इको-१ ने दाखवून दिलं.

पण आजची रात्र फुग्यांसाठी नाही. आणखी उंचावर, ४,२०० किलोमीटरवर, 'पेजिओस' नावाचा तिसरा फुगा गेल्याच वर्षी गेलाय. तो इतका सावकाश सरकतो की बाई त्याला एकदा नकाशावर खूण करून सोडून देतात आणि मध्येच डोकावून 'आहे का अजून' बघून घेतात. जगभरातली केंद्रं एकाच क्षणी त्याची छायाचित्रं घेऊन खंडाखंडांमधली अंतरं मोजतायत. तिथे मोठमोठे कॅमेरे आहेत. बाईंकडे ७×५० चा बायनॉक्युलर आहे.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. इंग्लंडमधल्या स्लाउ इथल्या रेडिओ संशोधन केंद्राकडून टपालाने अशी भाकितं येतात: कोणता उपग्रह, किती वाजता, कोणत्या दिशेला, किती उंचीवर. आजचं गिऱ्हाईक म्हणजे सोव्हिएत 'कॉसमॉस' मालिकेतल्या एका रॉकेटचा रिकामा टप्पा. काम संपलेला, कुणालाच नको असलेला. बाईंना हवाय तो नेमका यासाठीच. तो इंजिन चालवत नाही, वाट बदलत नाही. त्याच्यावर आता फक्त दोघांची सत्ता चालते, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आणि वरची विरळ हवा.

"पावणेएकला दोन मिनिटं," बाई म्हणतात. "अभिजितच्या खालून हंसाकडे. हा बघा, हा तारा आणि हा तारा."

त्यांनी हंसाच्या मानेजवळचे दोन तारे निवडलेत. साध्या डोळ्यांना या उजेडात त्यातला एक दिसतही नाही. या दोघांना जोडणारी रेषा मनातल्या मनात काढायची आणि बायनॉक्युलर त्या रेषेवर रोखून गप्प उभं राहायचं. उपग्रहाचा पाठलाग करायचा नाही. त्याला यायचंय, तो येईल. नवखा माणूस ठिपक्यामागे धावतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरा बायनॉक्युलर तुमच्या हातात दिलाय. कोपर छातीशी आवळून धरा, श्वास सावकाश घ्या. गोल चौकटीत दोन तारे, मध्ये फिकट निळं आकाश. काही नाही. अजून काही नाही. मग उजव्या कडेने एक ठिपका आत शिरतो, मंद होतो, पुन्हा उजळतो, कारण तो टप्पा कोलांट्या खात चाललाय. रेषेला भिडतो. बाईंच्या अंगठ्याखाली 'कट्' होतं. ठिपका डावीकडून बाहेर.

"वरच्या ताऱ्यापासून दहात चार," बाई पुटपुटतात. म्हणजे दोन ताऱ्यांमधल्या अंतराचे दहा भाग केले तर तो चौथ्या भागापाशी रेषा ओलांडून गेला. स्टॉपवॉच अजून धावतंय. ते तसंच धरून बाई घरात जातात. व्हरांड्यातल्या टेलिफोनची चकती फिरवली की पोस्ट खात्याचं बोलतं घड्याळ ऐकू येतं. एक बाई न थकता दर दहा सेकंदांनी वेळ सांगत असते आणि पाठोपाठ तीन ठोके पडतात. तिसऱ्या ठोक्याला बाईंनी घड्याळ थांबवलं. वजाबाकी वहीत. उपग्रहाने ती रेषा कोणत्या तासाला, मिनिटाला, सेकंदाला आणि सेकंदाच्या कितव्या दशांशाला ओलांडली, ते आता कागदावर आहे.

दशांश कशाला, असं तुमच्या मनात येतं. तो टप्पा सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पाऊण किलोमीटर. तुम्ही दशांश चुकलात की तो पाऊण किलोमीटर पुढे नाहीतर मागे पडला. सरावलेल्या माणसाचा अंगठाही जरा उशिरा दाबला जातो, पण तो उशीर रोज तेवढाच असला तर वजा करता येतो. बाईंना स्वतःच्या अंगठ्याचा उशीर ठाऊक आहे.

वहीतला आकडा त्या कागदावरच्या वेळेशी ताडून बघतात. रॉकेट भाकितापेक्षा काही सेकंद लवकर येऊन गेलंय.

"हवा लागली असणार," बाई खूश होऊन म्हणतात.

इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण या खुशीतच त्या अंगणाचं सगळं शास्त्र आहे. हवेने अडवलं तर वस्तू रेंगाळायला हवी, लवकर कशी येईल? रस्त्यावरच्या सायकलीच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर. कक्षेत मात्र उलटं घडतं. हवा उपग्रहाची थोडी ऊर्जा काढून घेते, तो थोडा खाली येतो, आणि खालची कक्षा लहान आणि जास्त वेगाची असते. त्यामुळे अडवलेला उपग्रह फेरी लवकर पुरी करतो. दर फेरीत सेकंदाचा बारीकसा हिस्सा, दिवसाच्या चौदा-पंधरा फेऱ्या, आणि हे आठवडाभर साचत गेलं की अंगणातल्या स्टॉपवॉचमध्ये ते दिसतं. तो किती सेकंद लवकर आला यावरून तो ज्या हवेतून गेला ती किती दाट आहे हे काढता येतं. २००-३०० किलोमीटर उंचीवरच्या या हवेत कुणी उपकरण घेऊन बसलेलं नाही. तिचं वजन मोजणारा काटा म्हणजे सोडून दिलेली रॉकेटं आणि ती बघणारी, दिवसा दुसरीच नोकरी करणारी माणसं.

ही वही पुढे फार्नबरोला जाईल, रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये. तिथे डेस्मंड किंग-हेली नावाचे गणिती या नोंदींची वाट बघत असतात. कवी मनाचा माणूस, फावल्या वेळात चार्ल्स डार्विनच्या आजोबांवर चरित्र लिहिणारा. देशोदेशीच्या हौशी निरीक्षकांच्या वेळा जमवून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काय काय काढलं बघा. वरची हवा दिवसा फुगते आणि रात्री बसते. सूर्यावर डागांचा जोर वाढला की ती आणखी फुगते. तिथेही वारे वाहतात. आणि पृथ्वी नुसती ध्रुवांपाशी चपटी नाही, तर किंचित नासपतीसारख्या आकाराची आहे. उत्तर ध्रुवाकडची समुद्रसपाटी विषुववृत्तापासून दक्षिण ध्रुवाकडच्यापेक्षा चाळीसेक मीटर जास्त लांब आहे. चाळीस मीटर! तुमच्या सोसायटीची इमारतही त्याहून उंच असेल. पृथ्वीच्या अंगावरचा एवढासा फुगवटा तिच्याभोवती फिरणाऱ्या भंगाराच्या वाटेवरून ओळखला.

मोठ्या यंत्रांनी हे काम जास्त अचूक केलं, हे खरंच. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने बारा ठिकाणी बेकर-नन कॅमेरे बसवले होते आणि त्यातलं एक ठिकाण आपलं नैनिताल. पण बारा ठिकाणं म्हणजे बाराच. ढग आले की संपलं. अंगणं पुष्कळ होती. याच एडिंबरात रसेल एबर्स्ट नावाच्या निरीक्षकाने पुढच्या काळात लाखाहून अधिक नोंदी केल्या. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी केलेलं हे काम पाहिलं की 'हौशी' या शब्दाची मला जरा लाज वाटते.

घड्याळाची आणखी एक गंमत बाई सांगतात. केटरिंगच्या एका शाळेत भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संदेश ऐकतात. मार्च १९६६ मध्ये 'कॉसमॉस-११२' आला तेव्हा त्याच्या वेळा ठरलेल्या तळाशी जुळेनात. आणखी दोन-चार उपग्रहांच्या वाटा मागे नेऊन त्यांनी नकाशावर छेद काढला, तर ठिकाण निघालं उत्तर रशियात, प्लेसेत्स्कपाशी. तिथे उड्डाणतळ आहे हे सोव्हिएत सरकारने कबूल केलं थेट १९८३ मध्ये. शाळकरी मुलांनी ते सतरा वर्षं आधी ओळखलं होतं आणि त्यासाठी कुणी हेरगिरी केली नव्हती. नोंदवही नीट ठेवली होती, इतकंच.

उत्तरेकडे पहा आता. क्षितिजावरच्या पट्ट्यात चांदीसारख्या निळसर रेघा उमटल्यात. साधे ढग या वेळी काळे दिसतात, हे मात्र चमकतायत. ८० किलोमीटरहून थोडे वर तरंगणारे बर्फकणांचे ढग आहेत हे. जून-जुलैतच आणि एवढ्या वरच्या अक्षांशांवरच हे असे दिसतात. यांनाही तेच मध्यरात्रीचं ऊन लागलंय.

बाईंना अजून तीन नोंदी घ्यायच्या आहेत. आपण निघू.

मधली वर्षं भरभर ओलांडा. १९६९ च्या जूनपर्यंत दोन्ही इको हवेत जळून गेलेले असतील. जुलै १९७९ मध्ये मात्र थोडा पाय टेका, या वेळी भारतातच. पाऊस पडतोय, आकाश दिसत नाही, आणि तरी सगळ्यांचं लक्ष आकाशाकडे आहे. 'स्कायलॅब' पडणार. कुठे, ते कुणी सांगू शकत नाही. गावोगाव अफवा, पोलिसांना सूचना, रेडिओभोवती गर्दी. ७५ टनांच्या आसपासचं अमेरिकेचं ते रिकामं अंतराळस्थानक आणखी काही वर्षं वर टिकेल आणि नवं स्पेस शटल त्याला वर ढकलेल असा हिशेब होता. पण सूर्य अंदाजापेक्षा जास्त पेटला, वरची हवा फुगली आणि स्कायलॅबच्या फेऱ्या लवकर संपायला लागल्या. अंगणातल्या बाई ज्याला 'हवा लागली' म्हणाल्या तेच हे, फक्त आता डोक्यावर ७५ टन. ११ जुलैला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने 'नासा'ला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला. आपण घाबरलो, त्यांनी पावती फाडली.

पुढचा थांबा जुलै १९९७, इंग्लंडच्या पूर्वेकडचं लिंकनशर. रात्र एडिंबराइतकी उजेडी नाही, पण ३९० किलोमीटरवरून जाणाऱ्या रशियाच्या 'मीर' स्थानकाला ऊन लागायला तेवढी पुरते. टपालाच्या कागदाची गरज उरलेली नाही, वेळा संगणकावर निघतात. शेताच्या बांधावर उभे राहा. पश्चिमेकडून येतोय तो मीर. पिवळसर, स्थिर, आकाशातल्या सगळ्या ताऱ्यांना फिकं पाडणारा. चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून जाईल.

त्याच्या आत या घडीला तीन माणसं आहेत आणि त्यांतला एक, मायकल फोल, याच भागातल्या लाउथ गावी जन्मलेला. २५ जूनला एक मालवाहू प्रोग्रेस यान जोडणीचा सराव करताना मीरच्या 'स्पेक्टर' कक्षाला धडकलं. भिंतीला छिद्र पडलं, हवा जायला लागली. दारातून गेलेल्या तारा तोडून त्यांनी तो कक्ष बंद केला आणि जीव वाचवला. पण धक्क्याने स्थानक गरगरायला लागलं, सौर पंखे सूर्याकडून वळले आणि वीज गेली. यंत्रं बंद. ते किती वेगाने फिरतंय हे कळल्याशिवाय फिरणं थांबवायचं कसं? फोल खिडकीशी गेला, हात लांब करून अंगठा ताऱ्यांसमोर धरला आणि अंगठ्याच्या रुंदीमागून तारे किती वेळात सरकतायत ते मोजलं. त्या अंदाजावर सोयुझ यानाची छोटी इंजिनं चालवून त्यांनी गरगर आवरली.

तुम्ही खालून ताऱ्यांच्या आधाराने त्याला मोजताय. त्याने वरून त्याच ताऱ्यांच्या आधाराने स्वतःला मोजलं.

त्याच उन्हाळ्यात निरीक्षकांना एका नव्या गोष्टीने बुचकळ्यात पाडलंय. आकाशात काही नसताना एकदम एक ठिणगी पेटते, शुक्राहून कितीतरी पट प्रखर होते आणि काही सेकंदांत विझते. मे महिन्यापासून जायला लागलेल्या 'इरिडियम' टेलिफोन उपग्रहांचे दाराएवढे गुळगुळीत अँटेना आरशासारखा कवडसा टाकतायत, हे थोड्या दिवसांत उमगेल. मग त्यांचंही वेळापत्रक निघेल आणि पाहुण्यांना गच्चीवर नेऊन 'तीन, दोन, एक' म्हणत आकाशात दिवा लावून दाखवणारे लोक निघतील. आता ते जुने उपग्रह उतरवून टाकलेत. ती करमणूक गेली.

मग लायडन, नेदरलँड्स. २४ मे २०१९ ची रात्र उलटून घड्याळात एकला पाच कमी. मार्को लांगब्रुक नावाचा, मुळात पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला माणूस मंद उजेडही टिपणारा कॅमेरा लावून बसलाय. आदल्या रात्री अमेरिकेतून ६० 'स्टारलिंक' उपग्रह एकाच रॉकेटमधून सुटलेत. त्यांच्या कक्षेचे आकडे अजून कुणी जाहीर केलेले नाहीत. हाती असलेल्या माहितीवरून याने स्वतःच एक अंदाजी कक्षा बांधली आणि कॅमेरा आकाशाच्या त्या तुकड्याकडे वळवला. आधी दोन अंधूक ठिपके लुकलुकत जातात. मग चौकटीत एक शिरतो. त्यामागे दुसरा. तिसरा, चौथा, आणि मग तुम्ही मोजणं सोडून देता. सरळ रेषेत, एकापाठोपाठ एक, सगळ्यांना एकसारखं ऊन. गाडीचे डबे जावेत तशी ही माळ आकाश भरून सरकत राहते. दुसऱ्या दिवशी नेदरलँड्समध्ये उडत्या तबकड्या पाहिल्याच्या खबरांचा पाऊस पडणार आहे.

ही रांग सुंदर होती, हे मी नाकारणार नाही. पण १९६७ च्या त्या अंगणात प्रत्येक ठिपक्याला नाव होतं, आणि बाईंना त्याचा जन्म, कुळ आणि तब्येत माहीत होती. आता असे उपग्रह हजारोंनी आहेत, आणि उत्तरेकडच्या उन्हाळ्यात त्यांना रात्रभर ऊन मिळतं. बाईंचा हंगाम तोच, पण दुर्बीणवाल्यांची कुरकुर आता अंधार नसण्यापुरती राहिलेली नाही. त्यांच्या छायाचित्रांवर रेघा ओढल्या जातायत.

शेवटचा थांबा आपला. २ एप्रिल २०२२, चंद्रपूर जिल्हा, सिंदेवाही तालुक्यातलं लाडबोरी. विदर्भाचा उन्हाळा सुरू झालाय, गुढीपाडव्याची संध्याकाळ आहे, गुढ्या उतरवून झाल्यात, पुरणाच्या जेवणानंतरचा जडपणा अंगात आहे. पावणेआठच्या सुमाराला आकाशात काहीतरी पेटतं. लाल-केशरी तुकड्यांचा घोळका, मागे शेपट्या, एकमेकांना समांतर. विदर्भात ठिकठिकाणी, खानदेशात, मध्य प्रदेशातही लोक अंगणात धावलेत.

"विमान पडलं रे!"

"उल्का हाय ते."

तुम्ही १९६७ पासून प्रवास करत आलाय, तेव्हा जरा बघा. उल्का एवढा वेळ थांबत नाही. ती सेकंद-दोन सेकंदांत संपते, कारण तिचा वेग याहून पुष्कळ जास्त असतो. हे तुकडे इतके सावकाश चाललेत की शेजारच्या पोराने घरात जाऊन मोबाइल आणला, कॅमेरा चालू केला आणि तरी ते संपलेले नाहीत. सेकंदाला सात-आठ किलोमीटर हा कक्षेतल्या वस्तूचा वेग. आणि हे ऊन नव्हे. मोठ्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढे हवा दाबली जाऊन तापते आणि धातू वितळायला लागतो, त्याचा हा उजेड. स्टॉपवॉचमध्ये काही सेकंदांच्या फरकाने जाणवणारी तीच हवा इथे उघड्या डोळ्यांना दिसतेय. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'चांग झेंग-३बी' रॉकेटचा हा तिसरा टप्पा. वर्षभराहून जास्त काळ तो वर हवा खात फिरत होता.

मग गावाच्या मोकळ्या जागेत धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडते. माणसाच्या उंचीहून मोठा व्यास, कडा काळवंडलेली. पोरं भोवती गोळा होतात, कुणी पावलांनी मोजतं, कुणी हात लावून बघतं आणि मागे सरतं. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत काळ्या धाग्यांनी गुंडाळलेले गोळेही सापडतील. रॉकेटच्या टाक्या असतात त्या. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. लाडबोरीत सुदैवाने कुणाला इजा झालेली नाही.

पोलीस येतात. कडी ठाण्यात न्यायची, त्याआधी पंचनामा. वस्तूचं वर्णन, लांबी-रुंदी, रंग. मग हवालदार विचारतो, "पडली किती वाजता?"

"पावणेआठ."

"नाही नाही, आठला दहा कमी होते."

"आमची जेवणं झाली होती."

तुम्ही शेजारच्या पोराला मोबाइल उघडायला सांगता. चित्रफितीच्या तपशिलात तास, मिनिट आणि सेकंद आहेत, चित्रीकरण कुठून केलं तेही आहे. पोराने ते मोठ्याने वाचून दाखवलं. हवालदाराने मिनिटापर्यंत लिहून घेतलं आणि सेकंद सोडून दिले. रकान्यात तेवढी जागा नव्हती.